ठाण्याच्या पावसात निघालेला प्रायमर, माझा अनुभव

वागळे इस्टेटच्या गाळ्यात मी विमानाचा रडर (शेपटीवरचा, विमान डावी-उजवीकडे वळवणारा हलता भाग) बनवतोय, पत्रा ६०६१-टी६ या मिश्रधातूचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा. जुलैत इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) मारला आणि आठवड्याने टेप लावून ओढला तर सरळ सालीसारखा निघून आला, पोटात गोळाच आला हो, कारण आतल्या बाजूला गंज धरला तर रिव्हेट मारल्यावर तो दिसतही नाही.

चूक दोन ठिकाणी होती. एक म्हणजे सुटं, बिनलेबलचं थिनर. दुसरं, पत्र्यावर तेल राहिलेलं. मग सगळं खरवडून काढलं, मरून स्कॉच-ब्राइटने (खरखरीत घासणीने) घासलं (स्टील वूल अजिबात नको, लोखंडाचे कण राहतात आणि तिथूनच गंज सुरू होतो), अ‍ॅसिटोनने एका कपड्याने पुसून ते वाळायच्या आत दुसऱ्या कोऱ्या कपड्याने कोरडं केलं, आणि मग वर साधं पाणी ओतलं. पाणी सलग पसरलं तर पत्रा साफ, थेंब फुटले तर परत पुसा.

बाहेरून प्रायमर मागवायचा विचार सोडला, ज्वलनशील माल म्हणून कुरियरवाले घेईनात. इथूनच टू-पॅक (दोन डबे मिसळून वापरायचा) प्रायमर घेतला, हार्डनर आणि थिनर त्याच कंपनीचं, डब्यावरची तारीख बघून आणि डेटाशीट मागून. झिंक क्रोमेट हा जुना प्रायमर मी टाळलाच, त्यातल्या हेक्झाव्हॅलंट प्रकारच्या क्रोमियमने कॅन्सर होऊ शकतो. इपॉक्सीलाही ऑर्गॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजवाला मास्क हवाच, कापडी मास्क कामाचा नाही.

आता पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव पडतं) किमान ३ अंश सेल्सियस वर असेल तरच स्प्रे गन हातात घेतो. परवा टेप ओढला, प्रायमर जागचा हलला नाही!