हसवणारीच्या वाट्याला सिंधू आली तर: या चुका टाळा

आमच्या मंडळाने राम गणेश गडकऱ्यांचं संगीत नाटक ‘एकच प्याला’ करायचं ठरवलं तेव्हा मी गीतेची वाक्यं पाठ करायलाही घेतली होती. दारुड्या नवऱ्याशी, तळीरामाशी कडाकडा भांडणारी गीता म्हणजे माझाच रोल, यात गावात कुणाला शंका नव्हती. अकरा वर्षं मी फटकळ सासू, भोचक शेजारीण, ठसकेबाज मोलकरीण हेच करत आले होते. उंची पाच फूट सात इंच, आवाज जाड, चालणं झपझप. वाचनाच्या दिवशी दिग्दर्शकांनी पात्रयादी वाचली आणि माझं नाव सिंधूपुढे आलं, म्हणजे दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराच्या सोशिक बायकोपुढे. दोघं-तिघं हसले. मीही त्यांच्याबरोबर हसले.

ते हसणं ही माझी पहिली चूक. आपणच हसलो की आपल्याला ही भूमिका पटलेली नाही हे सगळ्यांना कळतं, आणि मग महिनाभर तालमीत प्रत्येक जण आपल्याला धीर तरी देतो नाहीतर चिडवतो तरी. त्या वेळी गप्प राहावं, वही उघडावी, आपली वाक्यं वाचावीत.

दुसरी चूक, ‘मलाच का?’ हे दिग्दर्शक सोडून बाकी सगळ्यांना विचारणं. मी घरी विचारलं, मैत्रिणींना विचारलं, तबलजीलाही विचारलं. आठवड्याने दिग्दर्शकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “तुझा प्रवेश नसतो तेव्हा तू कोपऱ्यात बसून दुसऱ्यांचं ऐकत असतेस ना, तेव्हा तुझा चेहरा फार वेगळा असतो. मला ती बाई हवी आहे.” त्या एका वाक्यावर मी पुढचे दोन महिने काम केलं. दिग्दर्शकाने तुमच्यात काहीतरी पाहिलेलं असतं. ते नेमकं काय, हे एकदा सरळ विचारून घ्या आणि नंतर पुन्हा तो विषय काढू नका.

आता गाण्याकडे येते, कारण संगीत नाटकात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सोशिक बाई म्हणजे नाजूक आवाज, असं आपण धरून चालतो. मी जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून तसा बारीक आवाज काढायला लागले आणि काळी चार या उंच पट्टीवर अडून बसले. ‘कशि या त्यजू पदाला’ कसंबसं निभावायचं, पण ‘घास घे रे तान्ह्या बाळा’पर्यंत घसा बसलेला असायचा. ऑर्गन वाजवणाऱ्या काकांनी एका संध्याकाळी न विचारता पांढरी चार धरली. दीड स्वर खाली. माझा जाड आवाज तिथे आपोआप मोकळा झाला आणि त्यात एक थकवा ऐकू यायला लागला, जो मी बारीक आवाजातून आणायला धडपडत होते. पट्टी आपल्या गळ्याची घ्या, पात्राच्या गळ्याची कल्पना करून घेऊ नका. पदं कमी करायची असतील तर तेही साथीदारांबरोबर बसून तालमीच्या सुरुवातीलाच ठरवा. आणि पदं खरोखरच गळ्याबाहेरची असतील, तर भूमिका नाकारणं प्रामाणिकपणाचं. वाक्यं कमवता येतात, सप्तक दोन महिन्यांत कमवता येत नाही.

या नाटकात आणखी एक अडचण आहे. गद्य गडकऱ्यांचं आहे, पण सिंधूची पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिलेली आहेत. बोलण्याची भाषा आणि गाण्याची भाषा यांतला सांधा नटीलाच जुळवावा लागतो. मी पदं आधी गद्यासारखी, नवऱ्याशी बोलावं तशी म्हणून पाहिली. मग पदाआधीचं शेवटचं वाक्य ऑर्गनच्या स्वराजवळ नेऊन सोडायची सवय केली. तसं केलं नाही तर सिंधू बोलता बोलता थांबते आणि गायिका उभी राहते.

हसवणाऱ्या नटांची एक सवय गंभीर भूमिकेत घात करते, आणि ती आपली आपल्याला दिसत नाही. आपण वाक्य संपलं की हशाची जागा ठेवतो. अर्धा सेकंद, कधी एक. विनोदी भूमिकेत तो अर्धा सेकंद म्हणजे सोनं. सिंधूच्या तोंडी त्याच जागेत प्रेक्षक विनोद शोधायला लागतो. सापडला नाही तर स्वतः तयार करतो. मला हे मोबाइलवर चित्रित केलेली तालीम पाहिल्यावर कळलं. प्रत्येक वाक्यानंतर माझी हनुवटी किंचित वर जात होती. उपाय मी असा केला: वाक्य संपलं तरी श्वास संपवायचा नाही, तो पुढच्या वाक्यात न्यायचा. आणि वाक्यातला शेवटचा शब्द ठासून म्हणायचा नाही, सोडून द्यायचा. पंधरा दिवस लागले, पण हनुवटी खाली आली.

हाताला काम नसणं हीसुद्धा चूक. दळणाच्या प्रवेशात मी रिकामाच हात गोल गोल फिरवत होते आणि ते नाटकीच दिसत होतं. नेपथ्य सांभाळणाऱ्या दादांनी त्यांच्या आईचं जातं आणून ठेवलं आणि त्यात मूठभर ज्वारी टाकली. दगडाला वजन असतं. खुंटा ओढताना खांदा पुढे जातो, पाठ वाकते, बोलणं तुटक होतं. पाच फूट सात इंचांची बाई जात्यापाशी लहान दिसायला लागली. दुःखाचा अभिनय मी तिथे वेगळा केलाच नाही. साडीचंही तसंच. रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदा जुनेर नेसू नका, पहिल्या आठवड्यापासून तालमीत तेच नेसा. बालगंधर्वांनी 1919 साली सिंधू केली तेव्हा शालू आणि दागिन्यांतली त्यांची रूपं पाहायला येणाऱ्या प्रेक्षकांपुढे ते ठिगळाच्या लुगड्यात उभे राहिले. त्याच नाटकातला सुधाकर गणपतराव बोडसांचा, आणि त्याआधी तीनच वर्षं ‘संशयकल्लोळ’मध्ये फाल्गुनराव होऊन त्यांनी लोकांना हसवलं होतं. म्हणजे लोकांच्या सवयीबाहेरची माणसं निवडणं या नाटकाला पहिल्या प्रयोगापासून माहीत आहे. हौशी मंडळांनी ही गोष्ट धाडस म्हणून मिरवायची गरज नाही.

मिरवण्यावरून आठवलं. जाहिरातीच्या फलकावर ‘कधी न पाहिलेल्या रूपात’ असं कुणाला लिहू देऊ नका. तसं लिहिलं की प्रेक्षक सिंधू बघायला येत नाही, तुम्ही बदललात की नाही हे तपासायला येतो.

आणि आता ती गोष्ट, जिची हौशी नटाला सगळ्यात जास्त भीती असते. आमच्या पहिल्या प्रयोगात मी प्रवेश केला आणि तोंड उघडायच्या आत तिसऱ्या रांगेतून हसू आलं. वाईट हेतू नव्हता. त्या बायका मला रोज बाजारात भेटतात, त्यांना मी दिसले की हसू येतं. मी भांबावले आणि जुन्या सवयीने भुवई जराशी उडवली. सगळं सभागृह हसलं. त्यानंतर दुसरा अंक निम्मा होईपर्यंत सिंधू रंगमंचावर आलीच नाही. सुधाकर करणारा मुलगा घामाघूम होऊन मला सावरत होता, त्याची मी विंगेत माफी मागितली.

पुढच्या प्रयोगासाठी आम्ही दोन बदल केले. पडदा उघडतो तेव्हाच मी रंगमंचावर, पाठमोरी, कामात. प्रेक्षकांना हसायचं तेवढं हसून घेऊ दे, मला वळायची घाई नाही. आणि पहिलं वाक्य सुधाकराकडे बघून, एरवीपेक्षा हळू. हळू बोललं की लोकांना ऐकण्यासाठी गप्प व्हावं लागतं. हसू तेव्हाही आलं, पण ते माझ्या पाठीवर येऊन विरलं.

उलट बाजूची चूकही पाहिली आहे, थोडक्यात सांगते. गोड गळ्याच्या, नेहमी नायक होणाऱ्या मुलाला ‘मानापमान’मधला भित्रा लक्ष्मीधर दिला, तर तो विनोदी दिसायच्या मागे लागतो, तोंडं वाकडी करतो. त्याला एवढंच सांगावं की खरंच घाबर. त्या माणसाची भीती खरी असली की लोक हसतात.

सहकलाकारांनो, तुमच्यासाठी एक विनंती. तालमीच्या मधल्या चहालाही त्या नटीला जुन्या भूमिकेच्या नावाने हाक मारू नका. मला दोघी अजून ‘मोलकरीणबाई’ म्हणत होत्या. त्यांना मी तसं नीट सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. शेवटच्या प्रयोगाला विंगेतून तान्ह्या बाळाचं बाहुलं माझ्या हातात देणारी त्यांच्यातलीच एक होती. ते ती दुपट्यात गुंडाळून, मान धरून द्यायची.