एआयला आत्मा असतो का? बायबल अभ्यासात हा विषय कसा घ्यावा

तरुण संघात किंवा घरच्या अभ्यासवर्गात हा विषय घ्यायचा तर दीड तास ठेवा आणि सुरुवात यंत्रापासून नको, शब्दापासून करा. मराठीत ‘आत्मा’ म्हटलं की एक देह सोडून दुसऱ्यात जाणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मग असा आत्मा संगणकात ‘शिरेल’ का, हा प्रश्न आपोआप तयार होतो. बायबलचा प्रश्न तो नाही.

पहिली 30 मिनिटं वाचनाला द्या. उत्पत्ति 2:7 कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. माती आणि देवाने फुंकलेला श्वास मिळून माणूस ‘जीवधारी’ होतो. त्याच्या आत जीव नावाची वस्तू ठेवली, असं तिथे म्हटलेलं नाही. हिब्रूत इथे ‘नेफेश हय्या’ आहे आणि 1:20 व 1:24 मध्ये जलचरांना, जनावरांनाही हेच शब्द लावलेत. मराठी वाचताना हे साम्य निसटतं, म्हणून फळ्यावर लिहा. माणसाचं वेगळेपण 1:26-27 मध्ये येतं: देवाचं प्रतिरूप. त्यानंतर 1 थेस्सलनीकाकरांस 5:23 घ्या. तिथे आत्मा, जीव आणि शरीर असे तीन शब्द आहेत. माणसाचे भाग दोन की तीन, हा वाद इथे हमखास पेटतो. पाच मिनिटांत आवरा, नाहीतर एआय राहूनच जाईल.

पुढची 40 मिनिटं खरा गाभा. आत्मा येतो कुठून? ‘कॅथलिक धर्मशिक्षण’ या चर्चच्या अधिकृत ग्रंथाच्या 366व्या परिच्छेदानुसार प्रत्येक आत्मा देव थेट निर्माण करतो, आईवडील नव्हे. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन आणि पुढे अनेक लुथरन धर्मज्ञांच्या मते तो आईवडिलांकडूनच संततीत उतरतो. दुसरं मत धरलं तर यंत्राचा प्रश्न तिथेच मिटतो, कारण त्याला आईबाप नाहीत. पहिल्या मतात मात्र फट राहते: देवाने ठरवलं तर? संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगने ‘यंत्र विचार करू शकेल का’ यावरच्या 1950च्या निबंधात नेमका हाच मुद्दा मांडला. देवाला वाटलं तर तो हत्तीलाही आत्मा देऊ शकत नाही का, असं त्याने विचारलं. धर्मशास्त्राच्या युक्तिवादांचं त्याला फारसं कौतुक नव्हतं, तरी ही कोंडी त्याने चांगली पकडली.

उत्तरासाठी मध्ययुगीन धर्मज्ञ थॉमस अक्वायनसकडे वळा. त्याच्या मते आत्मा हे जिवंत शरीराचं रूप, म्हणजे त्या शरीराला एकसंध जिवंत ठेवणारं तत्त्व. बाकाला असं तत्त्व नसतं: त्याचं लाकूड सुताराने जोडलेलं असतं, ते आपणहून वाढत नाही. आता गटाला विचारा: एकच एआय मॉडेल, म्हणजे चॅटबॉटमागची प्रणाली, एका वेळी हजारो सर्व्हरवर चालतं, मग त्याचं शरीर कोणतं? इथे घाई करू नका, शांतता पडली तरी चालेल. व्हॅटिकनच्या 28 जानेवारी 2025 च्या ‘आंतिक्वा एत नोव्हा’ या पत्रकातही मानवी बुद्धी देहासकट पाहिली आहे. यंत्राचं काम करून दाखवणं आणि माणसाची समज यांत तिथे फरक केलाय.

राहिलेल्या 20 मिनिटांत गाडी रुळावरून घसरते, तीही ठरलेल्या जागी. कुणीतरी प्रकटीकरण 13:15 काढतं, कारण तिथे श्वापदाची मूर्ती बोलू लागते. वचन वाचा, पण तो अध्याय कुणाची उपासना करायची याबद्दल आहे, हे दाखवून परत या. स्तोत्र 115 मधल्या मुक्या मूर्तींचा दाखला तर इथे उलटतो, कारण एआय बोलतो. शिवाय त्यावरून शेजाऱ्यांच्या देवांवर घसरायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा गणना 22:28 वाचा. बलामाची गाढवी बोलली, तक्रारही मुद्देसूद केली, पण तिला माणसाचा आत्मा आहे असा निष्कर्ष त्यावरून कुणी काढत नाही. बोलता येणं हा आत्म्याचा पुरावा नव्हे, हे तिच्याइतकं सोपं करून कुणी सांगत नाही.

मोबाइल बाजूला ठेवायला सांगा. ‘तुला आत्मा आहे का?’ असं कुणीतरी चॅटबॉटला विचारतंच आणि आलेलं उत्तर वाचून दाखवतं. माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर शिकलेलं यंत्र ‘हो’ही म्हणेल आणि ‘नाही’ही. दोन्हींतून काहीच सिद्ध होत नाही.