इंग्रजी येत नसताना मुंबईतल्या सरकारी कार्यालयांत काम कसे करून घ्यावे

रांगेत उभे राहण्याआधी कार्यालय कोणाचे आहे ते पक्के करा, कारण भाषेचा हक्क त्यावरून ठरतो. महापालिकेचे वॉर्ड ऑफिस, फोर्टमधल्या जुन्या जकातघरातले शहर जिल्हाधिकारी कार्यालय, बांद्रा पूर्वेचे उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, शिधावाटप कार्यालय, पोलीस ठाणे ही राज्याची किंवा पालिकेची. राज्याच्या कामकाजाची भाषा 1964 च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी आहे. महापालिकांसारख्या संस्थांसाठी 2022 मध्ये वेगळा कायदा झाला. इथे कोणी इंग्रजी फॉर्म पुढे केला तर "मराठी नमुना द्या" एवढेच म्हणा. कारण सांगत बसायची गरज नाही.

पासपोर्ट, आधार, रेल्वे, भविष्य निर्वाह निधी, आयकर ही केंद्राची. तिथे कारभार हिंदी-इंग्रजीत चालतो. सरकारी बँकांचे तिसरेच. खाते उघडण्याचा फॉर्म, पैसे भरायची स्लिप, पासबुक असे ग्राहकाच्या हाती येणारे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्हींत असावेत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. मराठी फॉर्म बहुतेक वेळा शाखेत असतात, पण कपाटात. मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. चेकही मराठीत लिहिता येतो आणि मराठी सही ही पूर्ण सही आहे. मराठीत सही करणाऱ्याला कोणी अंगठा लावायला सांगत असेल तर ते मान्य करू नका.

इंग्रजी फॉर्म भरावाच लागला तर

फॉर्मच्या दोन प्रती घ्या. एकीवर पेन्सिलीने भरा, कोणाकडून तरी तपासून घ्या, मग दुसरीवर पेनाने उतरवा.

आकडे इंग्रजी लिपीतच लिहा. देवनागरी १ घाईत 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा, त्यामुळे १४ तारखेची 98 होऊ शकते. "ब्लॉक लेटर्स" म्हणजे मोठी अक्षरे: एका चौकटीत एक अक्षर, दोन शब्दांमध्ये एक चौकट रिकामी. "स्ट्राइक आउट व्हिचेव्हर इज नॉट ॲप्लिकेबल" म्हणजे लागू नसेल ते खोडा. इथे पुष्कळ जण लागू असलेल्यावर खूण करतात आणि बाकीचे तसेच सोडतात, आणि फॉर्म परत येतो. "निल" म्हणजे निरंक, काही नाही. "डोमिसाइल" म्हणजे अधिवास. तो दाखला साध्या रहिवासी दाखल्याहून वेगळा, त्यामुळे कोणता हवा ते आधी विचारा. "नॉमिनी" म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. ती वारस असेलच असे नाही. चाळीचा पत्ता खोली क्रमांक, चाळीचे नाव, रस्ता, जवळची खूण, पिनकोड या क्रमाने लिहा, आणि सगळ्या कागदांवर अगदी तसाच.

मराठी फॉर्म सोपा असतो असेही नाही. "विहित नमुन्यात सक्षम प्राधिकाऱ्याने साक्षांकित केलेली प्रत" हे वाक्य मातृभाषेत असूनही लोक अडखळतात. त्याचा अर्थ इतकाच, की ठरवून दिलेल्या फॉर्मवर, अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने मूळ कागद पाहून सही-शिक्का मारलेली झेरॉक्स. न समजलेला शब्द खिडकीवर विचारण्यात कमीपणा नाही.

नावाचे स्पेलिंग

सगळ्यात जास्त हेलपाटे इथे पडतात, म्हणून सावकाश वाचा. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत असते, पासपोर्ट आणि पॅनवर रोमन अक्षरांत. मधले लिप्यंतर जो तो आपल्या मनाने करतो. ज्ञानेश्वर एकीकडे "डी"ने सुरू होतो आणि दुसरीकडे "जी"ने. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसे.

आधारच्या केंद्रावर ऑपरेटर बहुधा इंग्रजीत टाइप करतो आणि मराठी नाव संगणक तयार करतो. इंग्रजी अक्षरांत ळ आणि ण नाहीत, म्हणून काळे यांचे "काले" होते आणि राणे यांचे "राने". नोंद पक्की होण्याआधी पडदा आपल्याकडे वळवून घ्या. दोन्ही लिप्यांतले नाव, जन्मतारीख आणि पत्ता एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. आधारवरचे नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येते, म्हणून ही दोन मिनिटे वाचवू नका. आधारची हेल्पलाइन 1947 मराठीतून बोलते.

पासपोर्टच्या अर्जात "गिव्हन नेम" मध्ये स्वतःचे नाव आणि हवे असल्यास वडिलांचे किंवा नवऱ्याचे, "सरनेम" मध्ये फक्त आडनाव. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय आहे, त्यामुळे हे नेमके उलटे भरले जाते. घरातल्या प्रत्येकाचे स्पेलिंग एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही बरोबर न्या.

बरोबर कोण असावे

दहा-बारा वर्षांच्या मुलाला दुभाषा करू नका. त्याला इंग्रजी वाचता येते, पण "लायबिलिटी" म्हणजे घरावर येऊ शकणारे देणे हे त्याला कळत नाही. आजाराचे किंवा कर्जाचे बोलणे त्याच्यावर लादणेही बरे नाही. मोठे माणूस न्या. त्याने साहेबांशी परस्पर बोलणे उरकू नये. प्रत्येक प्रश्न तुम्हाला सांगावा आणि उत्तर तुमचे द्यावे. शेवटी तुम्ही आपल्या शब्दांत म्हणून दाखवा: "म्हणजे मी अमुक कागद तमुक तारखेपर्यंत आणायचा, बरोबर?" चूक असेल तर तिथेच कळते.

बाहेर बसून फॉर्म भरून देणारे पुष्कळ असतात आणि त्यातले अनेक प्रामाणिक आहेत. पण मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात ते कधी कधी स्वतःचा नंबर घालतात. मग ओटीपी त्यांच्याकडे जातो, "कागद अपुरा" हा मेसेजही त्यांच्याकडेच जातो, आणि तुम्ही महिनाभर वाट पाहत राहता. नंबर तुमचाच घाला आणि अर्ज क्रमांकाची छापील पावती घेतल्याशिवाय उठू नका.

विमा आणि कर्जाच्या फॉर्मवर, सही मराठीत किंवा अंगठा असेल तर, शेवटी एक निवेदन असते: मजकूर सही करणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आणि त्याला तो कळला. इंग्रजी न येणाऱ्याच्या रक्षणासाठी ठेवलेली ही ओळ आहे. प्रत्यक्षात "इथे, इथे आणि इथे" म्हणून ती इतर सह्यांबरोबर उरकली जाते. पुढे वाद झाला की हीच ओळ तुमच्या विरुद्ध उभी राहते. म्हणून सही करण्याआधी पाच गोष्टी मराठीत विचारा: रक्कम किती, व्याज किंवा हप्ता किती, मुदत किती, मध्येच थांबलो तर काय कापणार, जामीन कोण. उत्तरे लिहून घ्या. समजावून सांगायला वेळ नाही असे म्हणाले तर त्या दिवशी सही करू नका.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचायला हरकत नाही; कागद कशाबद्दल आहे ते कळते. पण "नॉट" आणि "अनलेस" असलेल्या वाक्यांत यंत्र उलटा अर्थ देऊ शकते. त्यावर विसंबून सही नको.

मराठीत अर्ज

कोऱ्या कागदावर प्रति, विषय, संदर्भ, मजकूर, तारीख, सही. एका अर्जात एकच मागणी. दोन प्रती न्या आणि आवक टेबलावर (महसूल कार्यालयात त्याला बारनिशी म्हणतात) आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

केंद्राच्या कार्यालयात गाऱ्हाणे मांडायचे असेल तर शेवटी लिहा: "संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार हे निवेदन मराठीत सादर करीत आहे." गाऱ्हाण्याचे निवेदन संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क हा अनुच्छेद देतो. उत्तर मराठीतच द्यायची सक्ती मात्र त्यात नाही, आणि छापील फॉर्मलाही तो लागू होत नाही. म्हणून "कृपया उत्तर मराठीत द्यावे" ही विनंती वेगळ्या ओळीत करा.

माहिती अधिकार 2005 चा अर्ज केंद्राच्या कार्यालयातही मराठीत चालतो, कारण अर्ज करण्याच्या भागाची राजभाषा कायद्याने मान्य आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. ते लिहून घ्यायला मदत करणे माहिती अधिकाऱ्याचे काम आहे. फी 10 रुपये. राज्याच्या कार्यालयात कोर्ट फी स्टॅम्प चालतो, केंद्राच्या कार्यालयात चालत नाही. तिथे पोस्टल ऑर्डर लावा. राज्याकडच्या अर्जाला 150 शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे. उत्तराची मुदत 30 दिवस.

दाखला वेळेत मिळाला नाही तर 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करता येते. सेवा अधिसूचित आहे का, म्हणजे त्या कायद्याखालच्या जाहीर यादीत आहे का, आणि मुदत किती दिवसांची, हे कार्यालयातल्या फलकावर किंवा "आपले सरकार" संकेतस्थळावर पाहा. मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिले अपील. उशीर विनाकारण ठरला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. बँकेबाबत आधी शाखेत लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, चौकशीसाठी 14448.

पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून झाली की ती वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. वकील परवडत नसेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.