पक्षाच्या खर्चाचा आणि उमेदवारांचा हिशेब वादात कसा मांडावा

राज्यातील एखाद्या पक्षाच्या कारभारावर वाद घालायचा असेल, तर प्रथम त्याच्या सत्तेची वर्षे निश्चित करावीत आणि त्या काळातील अर्थसंकल्पाची कागदपत्रे समोर ठेवावीत. घोषणेच्या दिवशी सांगितलेला आकडा हा केवळ अंदाज असतो. पुढील वर्षी त्याचा सुधारित अंदाज येतो आणि प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पात दिसतो, म्हणून एका पक्षाचा अंदाज आणि दुसऱ्याचा प्रत्यक्ष खर्च यांची तुलना करणे हा माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय आहे. पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा निधी) किती आल्या, महसुली तूट (महसुली उत्पन्नापेक्षा जास्त झालेला महसुली खर्च) किती राहिली, कर्जातून रस्ते व धरणे उभी राहिली की पगार आणि व्याज भागले, हे विचारावे. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल राज्यघटनेच्या कलम १५१ नुसार विधिमंडळापुढे ठेवला जातो. त्यातील उतारा वर्षासह वाचून दाखवावा, कारण आधीच्या सरकारचा दोष अनेकदा नंतरच्या सरकारच्या काळात छापून येतो.

उमेदवारांसाठी त्यांनी उमेदवारी अर्जासोबत दिलेले नमुना २६ मधील शपथपत्र पाहावे, ज्यात मालमत्ता, कर्जे आणि प्रलंबित गुन्हे नोंदवलेले असतात. गुन्हे प्रलंबित असलेल्या व्यक्तीला उमेदवारी का दिली, याचे कारण पक्षाने जाहीर करावे आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये बजावले आहे. तेच कारण समोरच्याकडे आग्रहाने मागावे. मात्र प्रलंबित खटल्याला शिक्षा म्हणू नये.