मालासादा: भोक नसलेला पोर्तुगीज डोनट घरी कसा करावा

मालासाद्याचं पीठ हाताला चिकटतं. चिकटलंच पाहिजे. पहिला घाणा बहुतेकांचा बिघडतो तो इथेच: चिकटतंय म्हणून मूठभर मैदा जास्त पडतो आणि तळून निघतो तो गोड, घट्ट पाव.

हा पदार्थ अझोरेस आणि मदेइरा या अटलांटिकमधल्या पोर्तुगीज बेटांचा. लेंट हा ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या मंगळवारी घरातली चरबी, अंडी, साखर संपवायची, म्हणून तो तळला जायचा. गोव्यातला इंत्रुज, म्हणजे कार्निव्हल, याच दिवसांत येतो. 1878 मध्ये ‘प्रिसिला’ जहाजातून मदेइराचे मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेले आणि त्यांच्यामागून मालासादाही तिथलाच झाला. होनोलुलूतली 1952 ची लिओनार्ड्स बेकरी आजही त्यासाठीच ओळखली जाते.

साहित्य (सुमारे 16 नग)

मैदा 500 ग्रॅम, कोमट दूध 220 मिली, अंडी 3, साखर 60 ग्रॅम, बिनमिठाचं मऊ बटर 60 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम (सव्वादोन लहान चमचे), मीठ 1 लहान चमचा, दोन कागदी लिंबांची किसलेली साल. वरून घोळवायला 150 ग्रॅम साखर आणि 1 लहान चमचा दालचिनी पूड. तळायला शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल, कढईत निदान 5 सेंमी खोल.

मैदा वजनानेच घ्या. वाटी सैल भरली की ठोकून, एवढ्यानेच पिठाचा पोत बदलतो. साल किसताना वरचा रंगीत पापुद्राच घ्या, खालचा पांढरा भाग कडू असतो. घरचं लोणी वापरणार असाल तर ते दाबून पाणी काढा. पिठात 60 ग्रॅमपेक्षा जास्त साखर घालू नका. यीस्ट मंदावतं आणि आतून शिजण्याआधी बाहेरून काळं पडतं. गोडवा वरच्या साखरेतून येतो.

पीठ

दूध बोटाला जेमतेम कोमट लागेल एवढंच, 38 ते 40 अंश. चटका बसणाऱ्या दुधात यीस्ट मरतं. तुमच्याकडे जाडसर दाण्यांचं ड्राय यीस्ट असेल, तर 9 ग्रॅम घेऊन थोड्या दुधात चिमूटभर साखरेसह 10 मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर ते यीस्ट टाकून द्या, मैदा वाया घालवू नका.

बटर सोडून सगळं एकत्र कालवा आणि 20 मिनिटं झाकून ठेवा. मैदा तेवढ्यात दूध पिऊन घेतो आणि मळण्याची अर्धी मेहनत वाचते. मग बटर तीन-चार वेळा थोडं थोडं घालत मळा. सुरुवातीला पीठ फाटल्यासारखं, तुपकट दिसेल, घाबरू नका. मैदा न भुरभुरता, बोटं ओली करून पिठाची कड ओढायची आणि मध्यावर दुमडायची, असं 10-12 मिनिटं तिंबा. तयार पीठ ओढलं की पातळ पडद्यासारखं ताणतं, तुटत नाही. भांड्याच्या कडा सुटतात, तळाला मात्र चिकटून राहतं.

तेलाचा हात लावलेल्या भांड्यात झाकून दुप्पट होऊ द्या. उन्हाळ्यात सव्वा तास पुरे, थंडीत अडीच तासही लागतात. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. सकाळी तळायचं असेल तर अर्ध्या तासाने ते फ्रिजमध्ये ठेवा. थंड पीठ हाताळायलाही सोपं जातं.

आकार

60 ग्रॅमचे गोळे करून तेल लावलेल्या ताटात अंतरावर मांडा, 30-40 मिनिटं झाका. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश अर्धा भरून आला की तळणीची वेळ झाली. खळगा तसाच राहिला, तर पीठ जास्त फुगलंय. तेलात गेल्यावर ते बसेल आणि वर सुरकुत्या पडतील.

अझोरेसची पद्धत म्हणजे हाताला तेल लावून गोळा मधोमध पातळ ताणायचा, कड जाड ठेवायची. मधे कुरकुरीत, कडेला लुसलुशीत. पहिल्यांदा करताना हाच आकार घ्या, कारण मधला भाग कच्चा राहायचा प्रश्नच येत नाही. हवाईसारखा गुबगुबीत गोल हवा असेल, तर प्रत्येक गोळा बटर पेपरच्या चौकोनावर फुगवा आणि कागदासकट अलगद तेलात सोडा. काही सेकंदांत कागद सुटतो, चिमट्याने काढून घ्या. हाताने उचललात तर आतली हवा गेलीच म्हणून समजा.

तळणी

तेल 170 ते 175 अंश. थर्मामीटर नसेल तर शेंगदाण्याएवढा पिठाचा तुकडा टाका: बारीक बुडबुडे काढत तीन-चार सेकंदांत वर यावा. अर्ध्या मिनिटाच्या आत लाल झाला तर आंच उतरवा. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे, आणि त्या तेलात मालासादा तेल पितो. एका वेळी तीनच सोडा. कढई भरली की तापमान कोसळतं. गोल असेल तर दर बाजूला दोन मिनिटं, ताणलेला असेल तर मिनिटभर. गोल मालासाद्याच्या कमरेभोवती फिकट पट्टा उमटला, तर पीठ हलकं झालंय.

मालासादा म्हणजे शब्दशः ‘नीट न भाजलेला’. नाव काहीही असो, पहिला नग मोडून बघाच. मध्ये ओलसर गिच्च रेघ दिसली तर आंच कमी करा आणि पुढच्यांना अर्धं मिनिट जास्त द्या.

झाऱ्यातून जाळीवर काढा, मिनिटभर थांबा आणि गरम असतानाच साखरेत घोळवा. गार झाल्यावर साखर धरत नाही. तेल गळत असताना घोळवलं तर तिचा चिखल होतो. पिठीसाखर विरघळते, म्हणून दाणेदारच हवी. आपली जाड साखर मात्र मिक्सरमधून एकदाच फिरवून घ्या.

कस्टर्ड किंवा हवाईत भरतात तसं कॉर्नफ्लॉवरने दाट केलेलं नारळाचं दूध भरायचं असेल, तर गोल मालासादा 20 मिनिटं गार करून बाजूने नोझल खुपसा. बिनभरलेले त्याच दिवशी खाऊन टाका. उरलेच तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये 150 अंशांवर पाच मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ते चामट होतात.