एकच प्रोजेक्ट, एडिटर अनेक: सीमेक कसं बसवावं

सी++ च्या प्रोजेक्टवर चार जण काम करत असतील, तर एकाकडे विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ असतो, दुसऱ्याला व्हीएस कोड सोयीचा वाटतो, तिसरा मॅकवर सीलायन वापरतो आणि चौथा निओव्हिम सोडायला तयार नसतो. त्यांनी एडिटर बदलावा असा आग्रह धरू नये. ज्याचा हात जिथे बसला आहे, तिथेच त्याचं काम वेगाने होतं. एक पथ्य मात्र सगळ्यांनी पाळायला हवं: प्रोजेक्ट कसा बिल्ड होतो याची माहिती एडिटरच्या सेटिंगमध्ये ठेवायची नाही, ती प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवायची. सीमेक हे साधन त्यासाठी उत्तम आहे.

सीमेकची सुरुवात २००० साली अमेरिकेतल्या किटवेअर कंपनीत झाली. वैद्यकीय प्रतिमांवर काम करणारी आयटीके ही लायब्ररी वेगवेगळ्या सिस्टिमवर बिल्ड करायची होती, त्या गरजेतून ते घडलं. सीमेक स्वतः कोड कंपाइल करत नाही. प्रोजेक्टमधल्या ‘सीमेकलिस्ट्स’ या फाइलीत तुम्ही लिहिलेलं वर्णन वाचून ते निंजा, मेक, व्हिज्युअल स्टुडिओ किंवा एक्सकोड यांच्यासाठी लागणाऱ्या फाइली तयार करतं, आणि पुढचं काम ती साधनं करतात. हे नीट लक्षात असलं की पुढच्या बऱ्याच अडचणी आपोआप उलगडतात.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.

पहिली पायरी: एडिटर न उघडता बिल्ड करून पाहा

सीमेक आणि निंजा इन्स्टॉल करा. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओच्या इन्स्टॉलरमध्ये सी++ साठीच्या सीमेक टूल्सचा घटक निवडला, तर दोन्ही सोबतच येतात. मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ही आज्ञा द्या:

सीमेक -एस . -बी बिल्ड -जी निंजा

यातली एस, बी आणि जी ही तिन्ही अक्षरं कॅपिटल. एसनंतर सोर्स कुठे आहे ते, बीनंतर तयार होणाऱ्या फाइली कुठे जाव्यात ते, आणि जीनंतर जनरेटर, म्हणजे कोणत्या साधनासाठी फाइली बनवायच्या ते. पुढची आज्ञा:

सीमेक --बिल्ड बिल्ड

बिल्डचं फोल्डर नेहमी वेगळं ठेवा आणि गिटच्या इग्नोर यादीत टाका. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर वापरत असाल, तर या आज्ञा साध्या टर्मिनलमध्ये न देता डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमध्ये द्या, कारण कंपायलरचे पाथ तिथेच लावलेले असतात. इथे बिल्ड होत नसेल तर कुठल्याच एडिटरमध्ये होणार नाही, तेव्हा आधी हे जमवा.

दुसरी पायरी: प्रीसेट लिहा

या लेखातली सर्वांत मोलाची पायरी हीच. सीमेकच्या ३.१९ आवृत्तीपासून ‘सीमेकप्रीसेट्स’ नावाच्या जेसन फाइलची सोय आहे. तिच्यात कोणता जनरेटर, बिल्डचं फोल्डर कुठे, डिबग की रिलीज, कोणते पर्याय चालू, हे एका नावाखाली लिहून ठेवता येतं. फाइलच्या सुरुवातीला आवृत्ती म्हणून ३ लिहा. त्यासाठी सीमेक किमान ३.२१ लागतं. मग ‘डेव्ह’ नावाचा एक कॉन्फिगर प्रीसेट करा. त्यात जनरेटर निंजा, बिल्डचं फोल्डर बिल्ड/डेव्ह, बिल्ड टाइप डिबग, आणि कंपाइल कमांड्स एक्स्पोर्ट करण्याचा व्हेरिएबल चालू ठेवा. हा शेवटचा व्हेरिएबल विसरू नका, चौथ्या पायरीत त्याचंच काम आहे. आता आज्ञा एवढीच उरते:

सीमेक --प्रीसेट डेव्ह

ही फाइल गिटमध्ये टाका. एखाद्याच्या मशीनवर कंपायलर वेगळ्या जागी असेल, तर त्याने ‘सीमेकयूझरप्रीसेट्स’ या दुसऱ्या फाइलमध्ये आपला प्रीसेट लिहावा, आणि ती फाइल गिटबाहेर ठेवावी. सगळ्यांचं एका जागी आणि ज्याचं त्याचं त्याच्यापाशी, ही वाटणी फार चांगली केलेली आहे.

तिसरी पायरी: मोठे एडिटर जोडा

व्हीएस कोडमध्ये मायक्रोसॉफ्टचं सीमेक टूल्स एक्स्टेन्शन घाला आणि फोल्डर उघडा. प्रीसेटची फाइल दिसली की ते किट (म्हणजे कोणता कंपायलर वापरायचा) विचारायचं सोडून प्रीसेटची यादी दाखवतं. त्यातून ‘डेव्ह’ निवडा. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये सोल्यूशन न शोधता थेट फोल्डर उघडा. सीलायन आणि क्यूटी क्रिएटर यांच्या नव्या आवृत्त्याही प्रीसेट वाचतात. सीलायन मात्र प्रीसेटसोबत स्वतःचं एक डिबग प्रोफाइलही तयार करतं. ते बंद करून ‘डेव्ह’ चालू करा, नाहीतर तुमचं बिल्ड आणि टीमचं बिल्ड वेगळं राहील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

एक्सकोड किंवा व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रोजेक्ट फाइली सीमेककडून बनवून घेत असाल, तर त्या फाइलींमध्ये हाताने बदल करू नका. एडिटरच्या मेनूतून जोडलेली नवी सोर्स फाइल सीमेक पुन्हा चाललं की यादीतून गायब होते. नवी फाइल सीमेकलिस्ट्समध्येच लिहायची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. या दोन जनरेटरमध्ये डिबग की रिलीज हेही बिल्ड करताना ‘--कॉन्फिग’ देऊन ठरतं. आधी दिलेला बिल्ड टाइप तिथे लागू होत नाही.

चौथी पायरी: निओव्हिम, इमॅक्स आणि इतर

इथे मदतीला क्लँगडी येतो. एडिटरच्या मागे राहून सी++ कोड समजून घेणारा आणि चुका दाखवणारा हा प्रोग्राम आहे. कोड कसा कंपाइल होतो हे त्याला कंपाइल कमांड्सच्या जेसन फाइलवरून कळतं, आणि ती फाइल सीमेक फक्त निंजा व मेक जनरेटरसोबतच बनवतं. क्लँगडी ही फाइल वरच्या फोल्डरांमध्ये आणि तिथल्या ‘बिल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये शोधतो. आपली फाइल बिल्ड/डेव्हमध्ये, म्हणजे एक पातळी आत आहे, त्यामुळे ती त्याला सापडत नाही. साध्या हेडरखालीही लाल रेघा दिसतात. प्रोजेक्टच्या मुळाशी क्लँगडीची कॉन्फिग फाइल करा (नावाची सुरुवात टिंबाने होते) आणि कंपाइलेशन डेटाबेस म्हणून बिल्ड/डेव्ह लिहा. इमॅक्सच्या २९व्या आवृत्तीपासून क्लँगडीशी जोडणारं एगलॉट सोबतच येतं, त्यामुळे तिथे वेगळं पॅकेज लागत नाही.

अडलं तर

जनरेटर आधीच्याशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर दोन एडिटर एकाच बिल्ड फोल्डरवर वेगवेगळ्या सेटिंगने चालत आहेत असं समजा. दोघांनाही एकच प्रीसेट द्या. फोल्डर दुसरीकडे हलवल्यावर किंवा कंपायलर बदलल्यावर जुनी कॅश (सीमेकने बिल्ड फोल्डरमध्ये साठवलेल्या सेटिंग) आडवी येते, सीमेक ३.२४ पासून ‘--फ्रेश’ जोडून ती नव्याने बनवता येते, त्याआधीच्या आवृत्तीत बिल्ड फोल्डर सरळ पुसा. एखादा जुना प्रोजेक्ट सीमेक ४ वर मुळीच चालत नसेल, तर सीमेकलिस्ट्सची पहिली ओळ बघा. किमान आवृत्ती ३.५ च्या खाली लिहिलेली असेल, तर सीमेक ४ तो प्रोजेक्ट नाकारतं. तो आकडा वाढवा, आणि मग एकदा टर्मिनलमधूनच पूर्ण बिल्ड करून घ्या.