जुन्या जेट फायटर्सचा सेफ्टी रेकॉर्ड कसा ताडून बघायचा

सगळ्यात आधी नुसते पडलेल्या विमानांचे आकडे शेजारी शेजारी ठेवू नका, कारण जे विमान जास्त उडलं ते जास्त पडणारच. म्हणून अपघात भागिले एकूण उड्डाणाचे तास, मग गुणिले 1 लाख. म्हणजे 50,000 तासांत 10 अपघात झाले तर दर आला 20, हाच आकडा दुसऱ्या विमानाच्या दराशी लावायचा.

मग कोण चालवत होतं, कशासाठी, ते बघा. स्टारफायटर या अमेरिकन फायटरचंच घ्या ना, पश्चिम जर्मनीने 916 घेतली, त्यातली 292 गेली आणि शंभरावर पायलट गेले, पण तेच विमान स्पेनने 1965 ते 1972 वापरलं, 21 विमानं, एकही गमावलं नाही! फरक असा की स्पेनमध्ये हवा मोकळी आणि काम इंटरसेप्शनचं, म्हणजे शत्रूचं विमान हवेतच अडवायचं, जर्मनीत मात्र ढगाळ हवेत जमिनीलगत बॉम्ब घेऊन उडायचं, तेही अजून पुरेसे न रुळलेल्या पायलटांनी. माझ्या मते निम्मं उत्तर इथेच आहे.

पायलटांचे मृत्यू वेगळ्या रकान्यात लिहा हं. ब्रिटिश मिटिऑरच्या सुरुवातीच्या मॉडेल्सना इजेक्शन सीटच (पायलटला विमानाबाहेर फेकून वाचवणारी खुर्ची) नव्हती, ती मिटिऑरच्याच एफ-8 मॉडेलला आली, त्यामुळे सगळी मिटिऑर एकत्र मोजली की चित्र चुकतं, आणि त्या रकान्यातला प्रत्येक आकडा म्हणजे कुणाच्या तरी घरचा पोरगा होता, म्हणून हिशोब सावकाश, दोनदा तपासून करा.

शेवटी वर्षं जुळवा, 1950 चं विमान 1950 च्याच विमानाशी.